अंगण वाकडं नाहीये

काल रात्री फोनवर तू म्हणालास, "काका, हे रिव्हॉल्व्हर विकून टाकतो. फार उसळतं." मी "बरं" म्हणून फोन ठेवला, कारण तुझी बायको शेजारीच बसली होती आणि तिच्यादेखत तुझी हजेरी घ्यायची नव्हती. आता घेतो. मध्ये बोलू नकोस.

आधी हा कागद बघ. शनिवारचं तुझं टार्गेट मी घडी करून घरी आणलंय. 7 यार्ड अंतर, म्हणजे तुमच्या दिवाणखान्याच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. पाच गोळ्या, आणि काळ्या वर्तुळात एकही नाही. तीन खाली डावीकडे, एक अगदी काठावर. पाचवी तर कागदावरच नाही. ती समोरच्या मातीत गेली, उडालेली धूळ मी पाहिली. आता मला सांग, रिव्हॉल्व्हर उसळतं म्हणजे नळीचं तोंड वर जातं ना? मग गोळ्या खाली कशा गेल्या? इंजिनीअर आहेस, एवढं तरी सांगता आलं पाहिजे.

तुला सांगता येणार नाही, म्हणून मी सांगतो. दोन इंचांच्या नळीतून गोळी डोळ्याची पापणी लवायच्या कितीतरी आधी निघून जाते. रिव्हॉल्व्हर खरं उसळतं ते त्यानंतर. तू धक्क्याची वाट बघत होतास, आणि तो येण्याआधीच नळी खाली दाबलीस. म्हणून तर मी तुझ्या नकळत पाच घरांपैकी दोन घरांत रिकाम्या पुंगळ्या भरल्या. घोडा पडला, नुसतं टक् झालं, आणि नळीचं तोंड चांगलं चार बोटं खाली झुकलं. त्या घरात दारू नव्हती, गोळी नव्हती, धक्का नव्हता. झुकला तो तुझा हात. तुझ्या डोळ्यांसमोर झुकला, आणि तरी रात्री फोन करून तू दोष दिलास तो रिव्हॉल्व्हरला. नाचता येईना अंगण वाकडं.

हे रिव्हॉल्व्हर घ्यायच्या आधी मला विचारलं नाहीस. दुकानात हातात धरून पाहिलंस, 330 ग्रॅम भरलं, खिशात ठेवलं तरी कळणार नाही म्हणून खूश झालास. .357 मॅग्नम हे काडतूस 1935 साली स्मिथ अँड वेसननं बाजारात आणलं ते त्यांच्या सगळ्यात दणकट सांगाड्यावरच्या, किलोपेक्षा जड रिव्हॉल्व्हरसाठी. जुन्या .38 स्पेशलचीच पुंगळी तीनेक मिलिमीटर लांब केली, आणि ती मुद्दाम केली, म्हणजे हे ताकदीचं काडतूस चुकूनही .38च्या जुन्या रिव्हॉल्व्हरच्या घरात बसू नये. काडतूस आजही त्याच घराण्यातलं आहे. तू फक्त लोखंड काढून टाकलंस. दहा ग्रॅमची गोळी आणि तिच्यामागचा वायू पुढे जाताना जेवढा संवेग नेतात, तेवढाच मागे तुझ्या तळहाताकडे येतो. वजन तिसरा हिस्सा झालं की मागे येण्याचा वेग तिप्पट, आणि हाताला सोसावी लागणारी ऊर्जाही तिप्पट. बारावीतलं गणित आहे हे. दुकानात उभा असताना ते कुठे गेलं होतं?

आणि धक्का फक्त तुझ्याच हाताला बसत नाही. इतक्या हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये एक गोळी सुटली की सांगाडा मागे झपकन जातो, आणि उरलेल्या काडतुसांतल्या गोळ्या जागच्या जागी राहू पाहतात. पुंगळीची कड नीट आवळलेली नसेल तर गोळी सरकत सरकत सिलिंडरच्या तोंडाबाहेर डोकावते, आणि सिलिंडर फिरायचंच थांबतं. ऐन वेळी हातात राहतं ते एक लोढणं. म्हणून कुठल्याही नव्या खोक्यातली चार काडतुसं झाडून पाचव्याची लांबी मोजायची असते. तू मोजलीस? खोकं फोडलंस, भरलंस, उडवलंस.

आता मुठीकडे येऊ. हा तुझा डावा अंगठा इकडे कर. पेरावर काळा डाग आहे, साबणानं गेला नाही ना? सिलिंडर आणि नळी यांच्यामध्ये कागदाएवढी फट असते. प्रत्येक गोळीबरोबर त्या फटीतून तापलेला वायू आणि शिशाचे कण दोन्ही बाजूंना फवारले जातात. सेमीऑटोमॅटिक पिस्तूल चालवणारे दोन्ही अंगठे पुढे ताणून धरतात, ते तू कुठल्यातरी व्हिडिओत पाहिलंस आणि तसंच इथे केलंस. बोट एक पेरभर आणखी पुढे गेलं असतं तर मॅग्नमच्या त्या वायूनं कातडं फाडलं असतं. रिव्हॉल्व्हरवर अंगठे खाली मुडपायचे, डावा उजव्याच्या नखावर दाबून ठेवायचा. आणि डावा अंगठा उजव्या मनगटावरून मागे, घोड्याच्या वाटेत तर कधीच न्यायचा नाही.

मूठ धरतोस ती कुठे? मध्यावर. का, तर रबर तिथं मऊ लागतं म्हणून. अरे, नळी जितकी हाताच्या वर तितका तिला उलटायला जोर जास्त. अंगठा आणि तर्जनी यांमधली बेचकी मागच्या पट्टीवर जाईल तितकी वर चढव, फक्त घोडा मागे येताना तिला चावणार नाही एवढी जागा ठेव. उजव्या हातानं हात मिळवताना धरतो तितकंच धरायचं. पिळायचं काम डाव्या हाताचं. उजवा जास्त आवळलास की तर्जनीसुद्धा आखडते, आणि तुझ्या त्या तीन गोळ्या डावीकडे का गेल्या त्याचं अर्धं उत्तर हेच आहे. तुझी करंगळी तर हवेतच लोंबत होती, कारण मूठच आखूड आहे. लांब रबरी मूठ बसव, मागची धातूची पट्टी झाकणारी. खिशातून अर्धा इंच बाहेर दिसेल, दिसू दे. आणि अंग पुढे टाक. खांदे कंबरेच्या पुढे हवेत. तू तर मोटार अंगावर येत असल्यासारखा मागे रेललेला होतास.

कानात नुसते फोमचे बोळे घालून आलास, वर मफ नाहीत. निम्मी दचक आवाजाची असते, हे तुला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आखूड नळीतून मॅग्नम सुटताना दारूचा काही भाग नळीबाहेर, तुझ्या तोंडासमोर जळतो. कानांवर दुहेरी संरक्षण घे. त्यावर मी आणखी काही बोलणार नाही.

आता जे खरं बोलायचं आहे ते.

शनिवारी मी शेजारच्या लेनमधल्या एका म्हाताऱ्या गृहस्थाला चष्मा देत होतो. वळून बघतो तर तू ते रिव्हॉल्व्हर बायकोच्या हातात दिलेलं. पाचही घरं मॅग्नमनं भरलेली. आणि ट्रिगर जड पडू नये म्हणून घोडा मागे ओढून ठेवलेला! तिनं आयुष्यात कधी छर्‍याची बंदूकसुद्धा धरलेली नाही. कोपरं दुमडलेली, अंग मागे, बोट आत, आणि तू हातात मोबाइल धरून "हाण, हाण" म्हणत होतास. दोन ढांगांत मी तिच्या मागे पोचलो आणि तिच्या मनगटांवर हात ठेवले, तेवढ्यात ते सुटलं. नळी वर येऊन तिच्या टोपीच्या कडेला लागली. माझे हात तिथे नसते तर ती कपाळावर आली असती.

त्यापुढचं तुला माहीत नाही, म्हणून सांगतो, आणि हे नीट ऐक. अनपेक्षित झटका बसला की माणूस हातातली वस्तू निसटू नये म्हणून घट्ट आवळतो. सगळी बोटं आवळली जातात, तर्जनीसुद्धा. त्या क्षणी नळी आकाशाकडे नसते, मागे वळून स्वतःच्याच डोक्याकडे आलेली असते. दुसरी गोळी तिथे सुटते. नवख्या माणसाच्या हाती जड काडतूस देताना घरात एकच ठेवायचं असतं ते यासाठी. बाकी चार घरं रिकामी. हा नियम मी माझ्या सगळ्या शिष्यांकडून पाठ करून घेतला आहे, तुझ्याकडूनही. आणि तू तो एका व्हिडिओसाठी मोडलास.

घरी आलो तेव्हा माझे हात कापत होते. चाळीस वर्षं शिकवतोय, असं कधी झालं नव्हतं. कारण त्या पोरीनं टोपी सारखी केली आणि हसून म्हणाली, "काका, काही नाही हो." तिला काय झालं असतं हेच तिला माहीत नव्हतं. तुला माहीत असायला हवं होतं.

आता रिव्हॉल्व्हर विकायची भाषा बंद. ते विकलंस तर दचक तुझ्या हातातच राहील, आणि पुढच्या हत्याराबरोबर पुन्हा येईल. मॅग्नमची उरलेली खोकी मला आणून दे, माझ्या कपाटात राहतील. दोन महिने तू फक्त .38 वापरायचं, तेही 148 ग्रेनचं सपाट तोंडाचं टार्गेट काडतूस. तुझ्या रिव्हॉल्व्हरमध्ये ते बिनदिक्कत चालतं, आणि त्यात कसलाही कमीपणा नाही. एका दिवशी पन्नासच्या वर नाही. त्यातल्या दर पाचांत दोन घरं रिकाम्या पुंगळ्यांची, कुठली ते मी ठरवणार. रोज रात्री घरी, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून आणि सिलिंडर दोनदा तपासून, रिकामा ट्रिगर पन्नास वेळा. आमच्या एनसीसीचे हवालदार .22 रायफलच्या नळीवर दहा पैशांचं नाणं ठेवायचे आणि ते पडलं की सगळ्यांदेखत पहिल्यापासून मोजायला लावायचे. तू पुढच्या माशीच्या मागे डाइमचं नाणं ठेव. घोडा न चढवता, नुसत्या ट्रिगरनं. पाचेक किलोचा तो ट्रिगर आहे आणि रिव्हॉल्व्हर आहे किलोच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याएवढं. हात स्थिर ठेवून तो ओढता आला की धक्का आपसूक पुढच्या क्षणाचा विषय होतो. सलग पंधरा रात्री नाणं पडलं नाही, तर मॅग्नम एकेक करून परत देईन.

शनिवारी सकाळी आठला ये. तिलाही आण, तिची इच्छा असेल तरच. तिला मी माझ्या .22 वर शिकवेन, एका घरात एक काडतूस भरून. तू मागे बाकावर बसायचं, मोबाइल गाडीत. आणि त्याआधी, आज रात्रीच, तिला सगळं सांग. टोपीला नळी का लागली आणि पुढे काय होऊ शकलं असतं, एकही शब्द न गाळता. शनिवारी मी तिलाच विचारणार आहे, सांगितलंस की नाही ते.