शंभरावा विद्यार्थी

शिक्षकाचे कर्तव्य कोठे पूर्ण होते? व्याख्यान संपते तेथे, की ते विद्यार्थ्यापर्यंत पोचते तेथे? गुरुशिष्य समोरासमोर असताना हा प्रश्न सहसा सुचत नाही. २५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी सुरू झाली आणि तो प्रत्येक प्राध्यापकापुढे उभा राहिला.

आमच्या वाशीम जिल्ह्यातील महाविद्यालये संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाशी संलग्न आहेत. खडू-फळ्यावर हयात घालवलेले प्राध्यापक तेव्हा झूम आणि गुगल मीट शिकले. हे श्रम आदरास पात्र आहेत. परंतु पडद्यावर चेहरे नसत, नुसती नावे असत. आणि ज्या घरी एकच मोबाईल, तोही वडिलांबरोबर शेतात गेलेला, तेथील मुलीचे नावही नसे.

दूर राहणे तर भागच होते. फेब्रुवारी २०२१ मध्ये राज्यातील महाविद्यालये अंशतः उघडू लागली आणि त्याच महिन्यात रिसोड तालुक्यातील देगावच्या निवासी शाळेत दोनशेहून अधिक विद्यार्थी बाधित आढळले.

मग दोष अंतराचा मानावा काय? संत पौलाने रोमकरांना पत्र लिहिले तेव्हा त्याने रोम पाहिलेही नव्हते. तरीही पत्राच्या अखेरीस तो तेथील कितीतरी जणांना नावानिशी सलाम सांगतो. भेटीची ओढही तो लपवीत नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनीही १७ एप्रिल २०२० रोजी बजावले होते, की पडद्यावरची मिस्सा ही संकटातील वाट आहे. ख्रिस्तसभेचा आदर्श माणसांच्या सहवासातच आहे.

शंभरांच्या वर्गात एकेकाचा शोध कसा घ्यावा, अभ्यासक्रम कधी संपवावा, असे कोणी विचारील. ही अडचण खोटी नाही. पण प्रभूच्या दाखल्यातील मेंढपाळालाही नव्याण्णव मेंढरे होतीच. आपले एक हरवले आहे, हे त्याला कळले. शोध तेथूनच सुरू झाला. तास संपल्यावर गैरहजर मुलीच्या शेजाऱ्याकडे फोन करून तिची चौकशी करणारा प्राध्यापक दूर असूनही जवळ होता. केवळ हजेरीचा आकडा कळवून मोकळा होणारा वर्गात असता तरी दूरच राहिला असता.

हा प्रश्न आम्हा धर्मगुरूंनाही चुकलेला नाही. त्या दिवसांत मोबाईलवर मिस्सा सुरू झाली म्हणून आम्ही समाधान मानले. ती कोणत्या घरी पोचली नाही, हे किती वेळा विचारले? आता वर्ग भरतात, चर्चही भरते. म्हणून तर रिकाम्या जागेकडे लक्ष जाणे अधिक कठीण झाले आहे.