पाण्याची नोकरी

"पाण्याचं काम पगारासाठी करायचं नसतं." शाळेतल्या मुलांना तलावाच्या पाळीवर नेऊन पाणलोट समजावून देणारे एक ज्येष्ठ कार्यकर्ते बोलता बोलता हे म्हणाले, आणि ते वाक्य मला अजून बोचतं आहे. त्यामागे आयुष्यभराची निष्ठा आहे, हे मी जाणतो. पण ऐकणारी मुलं दहावी-बारावीची होती आणि त्यांच्यापुढचा प्रश्न पगाराचाच होता.

हा पगाराचा प्रश्न भंडारा जिल्ह्यात नीट दिसतो. हा जिल्हा तलावांचा आणि धानाचा, हे नव्यानं सांगायला नको. कोहळी समाजानं बांधलेले तलाव, १९५०च्या कायद्यानं संपलेली मालगुजारी म्हणजे इथली जमीनदारी, पुढे जिल्हा परिषदेकडे आलेले लहान माजी मालगुजारी, म्हणजेच मामा तलाव, साचलेला गाळ, माजलेली बेशरम वनस्पती, हे सारं वाचकाच्या परिचयाचं आहे. मला बोलायचं आहे ते तुमसर तालुक्यातल्या चिखल्याबद्दल. तिथे मॉईल या सरकारी कंपनीची मँगनीजची भूमिगत खाण आहे. खाणीत ब्लास्टर, मेट, फोरमन अशा पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरीला परीक्षा आहे, सक्षमतेचं प्रमाणपत्र आहे आणि पगार आहे. जमिनीखाली जाऊ पाहणाऱ्या मुलाला पुढची वाट दिसते. त्याच जमिनीवर पडणाऱ्या पावसाकडे वळू पाहणाऱ्या मुलाला अशी वाट दिसत नाही.

मला इथे एक भेद महत्त्वाचा वाटतो, जाणकार आणि जबाबदार यांच्यातला. ओढा कुठून येतो, पाणी कुठे मुरतं, पाळ कुठे झिरपते हे ज्याला कळतं तो जाणकार. पाळ फुटली तर ज्याला विचारलं जातं तो जबाबदार. आपलं पर्यावरण-शिक्षण मुलांना जाणकार करून थांबतं. सहल होते, चित्रं काढली जातात, घोषणा दिल्या जातात. जबाबदारी मात्र कुणाच्याच नावावर नसते.

यावर त्या कार्यकर्त्यांचं उत्तर मला माहीत आहे. ते पानी फाउंडेशनकडे बोट दाखवतील. २०१६मध्ये वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांतून त्या संस्थेची वॉटर कप ही गावांमधली जलसंधारणाची स्पर्धा सुरू झाली. साधी गावकरी माणसं समतल रेषा आखायला शिकली आणि त्यांनी विनामोबदला चर खोदले. हे मोठंच काम आहे. पण श्रमदानाला मुदत असते, उत्साहाची आणि उन्हाळ्याची. चर एकदा खोदता येतो, राखावा मात्र दरवर्षी लागतो. विहिरीची पातळी महिन्या-महिन्याला मोजावी लागते, सांडवा पावसाआधी बघावा लागतो. आणि राखण्याचं काम फुकट करायला कुणाला परवडतं? ज्याच्या घरी शेती-नोकरीचा आधार आहे त्याला. भूमिहीन ढिवर मच्छीमाराच्या मुलाला सेवाभाव शिकवणं म्हणजे त्याला या कामातून बाहेर ठेवणं. पगाराला हलकं लेखणारं हे तत्त्व गरिबांवर अन्याय करतं, असं मी स्पष्टच म्हणतो.

पाण्यानं या राज्यात रोजगार दिलाच नाही असंही नाही. १९७२च्या दुष्काळातून रोजगार हमी उभी राहिली, १९७७मध्ये तिचा कायदा झाला. नाला-बांध, पाझर तलाव यांवर लाखो हात राबले. पण मिळालं ते खोदण्याचं काम. मोजण्याचं, नकाशा करण्याचं, ठरवण्याचं काम कार्यालयात राहिलं.

इथे थोडं विषयांतर करतो. भूवैज्ञानिक फर्मोर यांनी १९०९च्या ग्रंथात मध्य प्रांतातल्या मँगनीजयुक्त खडकाला 'गोंडाइट' असं नाव दिलं, गोंडांवरून. ज्यांचं नाव खडकाला मिळालं, त्यांच्या राज्यात पाण्याचीही एक रीत होती, असं परंपरा सांगते. तलाव बांधील त्याला त्याखालच्या जमिनीचा हक्क मिळे. तिकडे खानदेशातल्या सामूहिक सिंचनाच्या फड पद्धतीत पाणी देणारा पाटकरी आणि पिकं राखणारा जागल्या यांना गाव मोबदला देई. म्हणजे जुन्या काळीसुद्धा पाण्याचं ज्ञान पोटापासून तोडलेलं नव्हतं. निव्वळ पुण्य म्हणून तलाव टिकले, ही आपली नंतरची समजूत आहे.

हा लेख लिहायला बसलो तेव्हा उपाय मला सोपा वाटत होता. शिक्षण वर्गाबाहेर काढावं, त्याला अभ्यासक्रम द्यावा, शेवटी प्रमाणपत्र द्यावं, नोकऱ्या आपोआप येतील. १९८३पासून पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. कलबागांनी हातानं काम करत शिकण्याची आणि गावाला मोल घेऊन सेवा देण्याची रीत घालून दिली होती. तीच इथे आणावी, एवढंच सुचवणार होतो. पण चिखल्याची खाण हे म्हणू देत नाही. ब्लास्टरच्या प्रमाणपत्राला किंमत आहे ती अभ्यासक्रमामुळे नव्हे. प्रमाणपत्राशिवाय सुरुंग उडवायला कायद्याची मनाई आहे, म्हणून आहे. आधी जबाबदारीची जागा निर्माण झाली, मग तिच्यासाठी शिक्षण आलं. आपण उलटं करतो. जागा नसताना प्रशिक्षण देतो आणि प्रशिक्षित मुलगा नागपूरला पहाऱ्याच्या नोकरीवर जातो.

म्हणून आता माझं म्हणणं बदललं आहे. आधी जागा हवी. गावोगावी एक पाणलोट-राखणदार असावा. पर्जन्यमापक, विहिरी, गाळ, सांडवा, पाळ यांच्या नोंदी त्याच्याकडे असाव्यात. त्याच्या सहीशिवाय तलावाच्या कामाचं बिल निघू नये. मग शाळेतली मुलं पाळीवर जातील ती त्याच्या हाताखाली शिकायला, आणि पुढची जागा त्यांना डोळ्यांसमोर दिसेल.

पैसे कुठून आणायचे? खाण कायद्यातल्या २०१५च्या दुरुस्तीनं खाणींच्या जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठानं आली. पिण्याचं पाणी, पर्यावरण, शिक्षण, कौशल्यविकास हे त्यांच्या निधीचे अग्रक्रमाचे विषय आहेत, आणि हे चारही या एका राखणदारात एकत्र येतात. त्या कार्यकर्त्यांची एक भीती मात्र खरी आहे. पगारी माणूस वरच्या साहेबाचा होतो. त्यावर उपाय पगार नाकारणं नव्हे. त्याची नेमणूक आणि त्याचा हिशेब, दोन्ही ग्रामसभेच्या हातात असावेत.