अर्जातला ‘मी’

सेलूसारख्या तालुक्याच्या गावातून येऊन एमबीबीएस झालेल्या मुलामुलींना एमडी-एमएसची जागा मिळते ती नीट-पीजीच्या गुणांवर. २०० प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय. ‘हीच शाखा का?’ असं कुणी विचारत नाही. अमेरिकेत रेसिडेन्सी करायची म्हटलं, की मात्र पानभर पर्सनल स्टेटमेंट लिहावं लागतं. भलेभले हुशार तिथे अडतात.

अडचण इंग्रजीची नसते, स्वतःबद्दल चांगलं लिहिण्याची असते. सेलूशेजारच्या जालना जिल्ह्यातलं जांब हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. दासबोधाच्या दुसऱ्या दशकात त्यांनी मूर्खांची लक्षणं सांगितली, त्यांत आपलीच स्तुती करणारा येतो आणि वडिलांची कीर्ती सांगणाराही. महाभारतातलं कर्णपर्व आणखी कठोर आहे. थोरल्या भावाचा अपमान केला म्हणून अर्जुन जीव द्यायला निघतो, तेव्हा कृष्ण म्हणतो, स्वतःचे गुण स्वतःच गा, ते मरणासारखंच आहे. हे ज्या घरात मुरलंय, तिथल्या मुलीने ‘माझ्यात सेवाभाव आहे’ असं लिहावं तरी कसं?

आनंदीबाई जोशी यांनी लिहून दाखवलं. जून १८८३ मध्ये, अमेरिकेत पोचल्यावर, १८ वर्षांच्या आनंदीबाईंनी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजला प्रवेशासाठी पत्र पाठवलं. सगळ्या अटींत आपण कदाचित बसणार नाही, हे त्यांनी लपवलं नाही. आपला निश्चयही लपवला नाही. पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या भारतातल्या बायकांची गरज त्यांनी मांडली. पत्रात ‘मी’ आहे, पण त्याची नजर स्वतःवर खिळलेली नाही. ही स्तुती नव्हे, साक्ष आहे. आणि साक्ष द्यायची वेळ आल्यावर गप्प बसण्याला नम्रता म्हणता येत नाही. ११ मार्च १८८६ ला त्या एम.डी. झाल्या, प्रबंध लिहिला तोही प्रसूतिशास्त्रावर.

पण साक्षीतही एक धोका आहे, आणि तो स्तुतीपेक्षा सूक्ष्म. अंबाजोगाईच्या किंवा नांदेडच्या सरकारी रुग्णालयात इंटर्नशिप करताना पाहिलेलं एखाद्या बाळंतिणीचं मरण अर्जात पहिल्याच परिच्छेदात येतं, वाचणारा हेलावतो, जागा मिळते. दुःख तिचं, लाभ दुसऱ्याचा. तिचं नाव-गाव वगळलं, तरी हा हिशेब मिटत नाही. त्या रात्री रक्ताची पिशवी कुणी आणली, लिहिणाऱ्याच्या हातून काय झालं आणि काय राहून गेलं, हे अर्जात जसंच्या तसं उतरलं, तरच तिच्या नातेवाइकांसमोर तो कागद मोठ्याने वाचता येईल.