सान्निध्य आणि शिल्लक
विद्यापीठाचा जमाखर्च जुळेनासा झाला, बाके रिकामी राहू लागली, म्हणजे ऑनलाइन पदवीकडे आशेने पाहिले जाते. परंतु ‘उपनिषद’ या शब्दात गुरूच्या निकट बसण्याचा जो अर्थ आहे, तो पडद्यावर उतरतो काय, हा प्रश्न खजिनदाराने सोडविण्याजोगा नव्हे. १९८९ साली नाशिकास मुक्त विद्यापीठ स्थापन झाले ते औपचारिक शिक्षणास मुकलेल्यांसाठी, तिजोरीसाठी नव्हे. रात्री भांडी आवरून, ओट्याशी मोबाइल टेकवून व्याख्यान ऐकणारी गृहिणी मला त्या निकटतेस पारखी वाटत नाही; मात्र तिची शंका ऐकण्यास पलीकडे अध्यापक हवा, आणि त्याचेच वेतन वाचवून शिल्लक दाखवावयाची असेल, तर तिने शुल्क भरले ते कशासाठी?