योगक्षेम आणि पीएच.डी.चा प्रवेश



आजचा श्लोक : भगवद्गीता, अध्याय ९, श्लोक २२. भक्ताच्या योगक्षेमाचा भार भगवंत स्वतःच्या खांद्यावर घेतात, तो हा श्लोक. एलआयसीच्या बोधचिन्हात यातलेच शब्द आहेत. (तिथे हप्ता आधी भरावा लागतो, ते सोडा.)

गेल्या सोमवारी अंबरनाथच्या शिवमंदिरात गेलो होतो. गाभाऱ्याच्या पायऱ्या चढून वर आलो, तर ओळखीची एक ताई भेटली. बदलापूरची, एम.एस्सी. झालेली. पीएच.डी.ला प्रवेश मिळालाय, जेआरएफ मात्र नाही. गाईड म्हणतात, "ये तर खरी, पैशाचं पुढे बघू." बाबा उल्हासनगरला फर्निचरच्या दुकानात हिशेब लिहितात, घराचे हप्ते चालू आहेत. ती म्हणाली, "दादा, देव योगक्षेम वाहतो ना? मग घेऊ का उडी?"

'घे' म्हणणार होतो, पण जीभ चावली. हप्ता मी थोडाच भरणार आहे!

घरी येऊन शांकरभाष्य उघडलं. आचार्य सांगतात : योग म्हणजे नसलेलं मिळणं, क्षेम म्हणजे असलेलं राखणं. जेआरएफचे महिन्याला ३७,००० रुपये हा ताईचा योग झाला, आणि बाबांचं घर हा क्षेम. आपण श्लोक म्हणताना मनात फक्त योगच मागत असतो, हे माझं स्वतःचंही झालंय. आणि गंमत बघा, दुसऱ्या अध्यायात ४५व्या श्लोकात हेच भगवंत अर्जुनाला योगक्षेमाच्या पलीकडे हो म्हणतात. म्हणजे काळजी सोडायची, असं मी वाचतो. हिशेब सोडा, असं मला कुठे सापडलं नाही.

मग इरावतीबाई कर्वे आठवल्या. 'युगान्त' लिहिणाऱ्या, पंढरीच्या वारीत पायी चाललेल्या. १९२८ साली त्या डॉक्टरेटसाठी बर्लिनला निघाल्या. सासरे महर्षी कर्वे, स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचलेले, पण सुनेचं हे जाणं त्यांना पसंत नव्हतं. पती दिनकरराव पाठीशी उभे राहिले आणि जीवराज मेहतांकडून कर्ज मिळालं. तिथे भगवंताने भार वाहिला तो असा, माणसांच्या हातून. पण कर्ज मिळायचं तर कुणीतरी जाऊन तोंड उघडून मागावं लागतं.

आमच्या ताईने तर बाबांना अजून सांगितलंच नव्हतं! देवावर सोडलं म्हणत होती, खरं तर घरी विषय काढायची भीती होती. ही अनन्यता नव्हे गं, असं मी तिला स्पष्टच कळवलं. गाईडना विचार : एखाद्या प्रोजेक्टमध्ये जागा आहे का, किती महिने पैसे मिळतील, नेट पुन्हा द्यायला वेळ देणार का. आधीच्या विद्यार्थ्यांनाही भेट, त्यांनी कसे दिवस काढले ते कळेल. नियमाने किमान तीन वर्षं लागतात, तर तीन वर्षांचा आकडा मांड. आणि हिशेबनीस घरातच आहे, त्यांच्यासमोर वही ठेव.

काल रात्री उशिरा तिचा मेसेज आला : "बाबा आधी काहीच बोलले नाहीत. मग वही ओढून घेतली आणि पहिल्या ओळीत लोकलचा पास लिहिला."

राम कृष्ण हरी.