तीन बोटं आभाळ

या मननासाठी डोळे मिटायचे नाहीत. उघडेच ठेवा.

तुम्ही ठाण्याच्या खाडीत आहात. ऐरोलीहून निघालेल्या होडीचं इंजिन आता बंद झालं आहे. फेब्रुवारीतली दुपार उतरणीला लागली आहे. ओहोटीने उघडा पडलेला चिखल समोर पसरला आहे, त्याच्या कडेने खारफुटी उभी आहे. पाण्याच्या पातळ थरात शेकडो रोहित माना खाली घालून, चोची उलट्या करून चरत आहेत. सगळे त्यांना फ्लेमिंगो म्हणतात, तुम्हीही म्हणा. कॅमेरा मांडीवर आहे. त्याला अजून हात लावू नका.

आधी वारा ओळखा. या वेळी तो समुद्राकडून, पश्चिमेकडून येतो. तो पाठीवर लागेल असे बसा. सूर्यही पश्चिमेला कलला आहे, तेव्हा ऊनही पाठीवरच येईल. पक्षी वाऱ्याला तोंड देऊन उठतो, कारण समोरून येणारा वारा पंखांना उचल देतो. म्हणजे समोरचा थवा उठेल तेव्हा आधी तुमच्याच दिशेने येईल, आणि अंगावर ऊन घेऊन येईल.

आता मान वर करा. पूर्वेकडून एक विमान खाडी ओलांडून घाटकोपरच्या दिशेने उतरत चाललं आहे. तेही वाऱ्याला तोंड देऊन. ज्या धावपट्टीवर ते टेकणार तिला २७ म्हणतात. २७० अंश, होकायंत्रावरची पश्चिम. एकाचे पंख पिसांचे, दुसऱ्याचे धातूचे, आणि वाऱ्याचा नियम दोघांना एकच. पाठीवरचा हा वारा थोडा वेळ नुसता जाणवू द्या. तो तुम्हाला आत्ता लागतो आहे, थोड्या वेळाने तोच कुणाला तरी उचलणार आहे.

एक हात पुढे लांब करा. मधली तीन बोटं जुळवा आणि आभाळावर ठेवा. चारशे मिलिमीटरच्या लेन्समधून साधारण एवढंच आभाळ दिसतं, तीन बोटं रुंद. बाकीचं सगळं बाहेर राहतं. छंद लागतो तेव्हा आपल्याला वाटतं, आता आपल्याला जास्त दिसणार. दिसतं ते मोठं आणि जवळचं, पण फार थोडं. बोटं तशीच राहू द्या. त्यांच्या डावीकडे किती आहे ते बघा. उजवीकडे किती आहे. वर किती. मग हात सावकाश खाली घ्या.

आता एका शब्दापाशी थांबू. आपण फोटो काढतो असं म्हणतो. पण उडत्या पक्ष्यामागे हिंडणारी माणसं संध्याकाळी एकमेकांना विचारतात, “आज काय मिळालं?” सकाळी काढायला गेलेला माणूस संध्याकाळी मिळाल्याची गोष्ट सांगतो. काढणं हातात असतं, मिळणं नसतं. या दोन शब्दांमधलं अंतर म्हणजेच ही दुपार आहे. ती भरून काढायची घाई करू नका.

मी केली होती. अशाच एका दुपारी, याच खाडीत, मी नावाड्याला म्हणालो, “दादा, अजून थोडं पुढे घ्या ना, म्हणजे उडतील.” तो म्हणाला, “थांबा साहेब. भरती लागली की आपणहून उठतील.” मी थांबलो नाही. होडी पुढे गेली, माना वर झाल्या, थवा उठला. फोटो चांगले आले. पुढे कित्येक दिवसांनी ते पाहताना मला त्या ताणलेल्या माना दिसल्या. ओहोटीने चिखल उघडा पडतो तेवढेच तास त्यांचं ताट वाढलेलं असतं, आणि मी त्यांना भरल्या ताटावरून उठवलं होतं. आजही तो फोटो माझ्याकडे आहे. तो मी कुणाला दाखवत नाही, पण पुसलाही नाही. तुमच्या संग्रहातही असा एखादा फोटो असेल तर तो आत्ता आठवा. स्वतःला बोल लावू नका. फक्त त्या पक्ष्याला मनातल्या मनात पुन्हा खाली उतरू द्या, चरू द्या.

आणि थांबा. पाणी येतं आहे.

भरती आवाज करत नाही. मघाशी कोरडा होता तो चिखलाचा कंगोरा आता चमकतो आहे. पाणी पक्ष्यांच्या नळीपर्यंत आलं, मग गुडघ्यासारख्या दिसणाऱ्या सांध्यापर्यंत. या खाडीत बहुतेक छोटे रोहित आहेत, मधूनच एखादा उंच, फिकट, मोठा रोहित. पाणी चढेल तसं चरणं थांबेल, आणि मग ते नेरुळ-सीवूड्सकडच्या पाणथळींवर विसाव्याला जातील. हे त्यांचं ठरलेलं आहे. त्यात तुमची काही गरज नाही. हे वाक्य मनात पुन्हा एकदा म्हणा. त्यात माझी काही गरज नाही. मला हे कळलं त्या दिवशी खांद्यावरचं ओझं उतरलं.

आता कॅमेरा उचला. कोपरं बरगड्यांना टेकवा. पाय होडीत घट्ट रोवा. हात हलवायचे नाहीत, कमरेतून वळायचं आहे. श्वास अर्धा सोडा.

पहिला पक्षी पळू लागला. रोहिताला जागच्या जागी उडता येत नाही. तो वाऱ्याकडे तोंड करून पाण्यावरून पावलं टाकत धावतो. वेग पुरेसा झाला की पावलं सुटतात. मान पुढे सरळ, पाय मागे सरळ, आणि पंख उघडतात. उभा असताना फिकट वाटणारा पक्षी आता खरा दिसतो. पंखावर लाल-गुलाबी, आणि कडेला काळी पिसं. तो रंग तो शेवाळातून खातो, आणि मिटून ठेवतो. उडताना उघडतो.

त्याला तीन बोटांच्या आभाळात घ्या. त्याच्याबरोबर वळा. तो वेगात असेल तर तुम्हीही तेवढ्याच वेगात. थोड्या वेळाने एक गोष्ट घडेल. पक्षी स्थिर होईल, आणि खारफुटी, पाणी, पलीकडच्या इमारती वाहू लागतील. तुम्ही त्याच्या गतीला लागलात की तो तुमच्यापुरता थांबतो. इथे क्षणभर राहा. बटण दाबायची घाई नाही. मग दाबा, आणि दाबल्यावरही वळत राहा. तो अजून उडतो आहे.

दाबलंत तेव्हा काय दिसलं?

आरशाचा कॅमेरा असेल तर काहीच दिसलं नाही. शटर उघडायच्या आधी आतला आरसा वर उचलला जातो आणि डोळ्यापुढे अंधार होतो. जो क्षण फोटोत उतरला, नेमका तोच तुम्ही पाहिलेला नाही. आधीचा पाहिला, नंतरचा पाहिला. हल्लीच्या मिररलेस कॅमेऱ्यांत आरसा नाही, पण तिथेही आतल्या पडद्यावर दिसतं ते किंचित आधी घडून गेलेलं असतं. शिवाय डोळ्याने पाहून बोट हलेपर्यंत पंख पुढे गेलेला असतो. उडत्या जिवाचा प्रत्येक फोटो आपल्याला न दिसलेल्या क्षणाचा असतो.

हे ऐकून मन खट्टू होत असेल तर त्याला एक जुनी हकिकत सांगा. १७ डिसेंबर १९०३. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात किल डेव्हिल हिल्सची वाळू, बोचरा वारा. ऑर्व्हिल राइट विमानावर पालथा झोपला. त्याआधी त्याने तिवईवर कॅमेरा लावला होता, विमान रुळावरून जिथे सुटेल त्या जागेकडे रोखून. शटरचा रबरी फुगा दाबायला सांगितलं ते जॉन डॅनियल्सला. तो किनाऱ्यावरच्या जीवरक्षक ठाण्यातला माणूस होता आणि त्याने त्याआधी कधी फोटो काढला नव्हता. विमान उठलं. १२ सेकंद, १२० फूट. डॅनियल्स इतका भारावून गेला, की आपण फुगा दाबला की नाही हे त्यालाच सांगता येईना. कॅमेऱ्यातली फोटोची काच तशीच न उघडता राइट यांच्या डेटनच्या घरी गेली आणि तिथे धुतली गेली. त्याने दाबला होता. माणसाच्या उड्डाणाचा सर्वांत प्रसिद्ध फोटो असा, पाहण्यात बुडून गेलेल्या माणसाच्या हातून निघाला. त्या माणसाजवळ थोडं बसा. त्याचा हात आठवा. तो आपलं काम करून गेला, आणि डोळे वर होते.

डोळे वर घ्या. पंख्यांचं एक लहान विमान येतं आहे, त्याचे पंखे मिनिटाला हजाराच्या आसपास फेरे घेतात. मघाशी पक्ष्यासाठी शटर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागावर होतं. तेच इथे ठेवलं तर पंख्याचं प्रत्येक पातं स्वच्छ दिसेल, आणि विमान बंद पडून आभाळाला टांगल्यासारखं वाटेल. सगळं स्पष्ट असूनही ते खोटं दिसेल. म्हणून शटर सव्वाशेव्या भागापर्यंत खाली आणा. आता पात्यांची पुसट चकती होईल, आणि विमान जिवंत राहील. पण एवढ्या वेळात तुमचा हात जराही डळमळला तर सगळंच पुसट. पुसट ठेवायचं ते पुसट राहण्यासाठी तुम्हाला जास्त स्थिर व्हावं लागतं. आयुष्यातलं असं काय आहे, जे मी फार लख्ख करायला जातो आणि त्याचा जीव जातो? प्रश्न पाण्यावर सोडा. उत्तर नको.

विमान घाटकोपरवर गेलं. तिथेच आणखी एक गोष्ट मनात आणायची आहे, आणि ती टाळू नये. २० मे २०२४च्या रात्री याच उतरत्या वाटेवर एक विमान रोहितांच्या थव्याला धडकलं. विमान सुखरूप उतरलं. घाटकोपरमधल्या पंतनगरच्या परिसरात तीसहून अधिक रोहित मेलेले सापडले. ते पक्षी रात्रीही एका पाण्याकडून दुसऱ्या पाण्याकडे जातात. त्या क्षणाचा फोटो आपल्यापाशी नाही. आपण दोघांवर प्रेम करतो, पिसांच्या पंखांवर आणि धातूच्या पंखांवरही. हे प्रेम असणाऱ्याने ती रात्रही जवळ ठेवावी. आभाळ आपल्याला अफाट दिसतं, पण उडणाऱ्यांच्या वाटा त्यात अरुंद असतात, आणि त्या वाटांची टोकं जमिनीवर असतात. धावपट्टी आहे तशीच पाणथळही आहे. एक बुजवली की आभाळातली वाट बदलते. ठाण्याच्या खाडीला २०१५ मध्ये रोहित अभयारण्याचा दर्जा मिळाला, २०२२ मध्ये ती आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत गेली. पण पक्षी भरतीच्या वेळी जिथे उतरतात ती पाणथळही टिकायला हवी. ज्याचं उड्डाण आपण टिपतो त्याच्या उतरण्याची काळजीही आपलीच. क्षणभर त्या तीस-चाळीस पक्ष्यांसाठी गप्प बसा.

आता थव्यातले शेवटचे काही उरले आहेत. ते उठतील तेव्हा कॅमेरा मांडीवरच राहू द्या. पाण्यावरची पावलं ऐका. त्यांचा घोगरा, हंसासारखा आवाज ऐका. डोक्यावरून जाताना पंखांची फडफड ऐका. लेन्सला यातलं काही कळत नाही. तीन बोटांच्या डावीकडचं, उजवीकडचं, वरचं सगळं आभाळ आता तुमचं आहे, आणि ते रिकामं होत चाललं आहे.

नावाड्याने इंजिन चालू केलं. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर काय आलं ते बघायची ऊर्मी येईल. येऊ द्या, आणि जाऊ द्या. घरी गेल्यावरही आज कार्ड काढू नका. डेटनला न उघडता गेलेल्या त्या काचेसारखं ते एक रात्र बंद राहू द्या. अंथरुणावर पडलात की मात्र विचारा, मला आज काय दिसलं? पळणारी पावलं, चमकणारा कंगोरा, काळी कड. जे आठवेल ते एकेक करून मोजा.

कार्डात काय आहे ते उद्या कळेलच. मिळालेलं मोजून झालं, की दिवा मालवा.