केसांचा भार कुणाच्या मानेवर?

‘जटा’ हा एकच संस्कृत शब्द आपल्या बिदर-कलबुर्गी पट्ट्यात दोन भाषांतून दोन वाटांनी आला. कानडीत त्याचे ‘जडे’ झाले, मराठीत ‘जट’. शेजारची कानडी बाई रोजच्या बोलण्यात ‘जडे’ म्हणते तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर तेल लावून, विंचरून, घट्ट घातलेली वेणी असते. आपल्या घरात ‘जट’ म्हटले की जिथे फणी शिरत नाही असा गुंता डोळ्यांपुढे येतो. मूळ एक, एका भाषेने त्यातून निगा उचलली, दुसरीने गुंता.

केस हा काही चिंतनाचा विषय नव्हे, असे कुणी म्हणेल. त्याने फार दाट केसांच्या मुलीच्या घरी एक सकाळ काढावी. माणसाच्या डोक्यावर साधारण लाखभर केस असतात, ते महिन्याला सेंटिमीटरभर वाढतात. हे केस जाड असले आणि गुडघ्याकडे निघाले, की रिठे-शिकेकाईने न्हाऊ घालणे हे दोन माणसांचे काम होते. आषाढ-श्रावणात ते दिवसभर वाळत नाहीत. ओलेच बांधले तर कुबट वास येतो. उवा झाल्या तर दाटीत सापडत नाहीत. आणि डोके दुखते म्हणून मुलीने तक्रार केली, तर उत्तर ठरलेले: ‘लोक असल्या केसांसाठी नवस करतात!’

उपाय अवघड नाहीत. विंचरताना टोकापासून सुरुवात करून हळूहळू मुळाकडे जावे. वरून फणी ओढली की गुंता खाली दाबून घट्ट होतो. केस थोडे आखूड केले तरी पुष्कळ भार उतरतो. एक पाते दातेरी असलेली कात्री मिळते. जाणत्या हाताने ती आतल्या थरांतून फिरवली तर लांबी तशीच राहून दाटी कमी होते. मात्र मुळाजवळून विरळ केले तर महिन्या-दोन महिन्यांनी आतले आखूड केस वरच्या केसांना उचलून धरतात आणि डोके पहिल्यापेक्षा फुगलेले दिसते. कापल्याने केस अधिक दाट येतात, हा समज मात्र खोटा. कात्री मुळाला लागतच नाही. कापलेले टोक बोथट असते म्हणून ते जाड भासते.

प्रश्न कात्रीचा नाहीच. ती कुणाच्या शब्दावर चालायची, हा आहे.

आमच्या शाळेत नववीतल्या एका मुलीला रोज पहिल्या तासाला उशीर होई. कारण वेणी. आई पहाटे शेतावर जायची, आजीच्या हाताला कंप होता. केस कमी करा असे बाईंनी सुचवले तर आजी म्हणाली, देवीला बोललेले आहेत. वडील म्हणाले, सोयरिकीच्या वेळी काय सांगू? शाळेचा नियम तर दोन वेण्या आणि रिबिनी मागतच होता. एका डोक्यावर देवी, होणारे सासर आणि शाळा असे तीन हक्कदार, आणि मान मात्र एकटीची. तिला कुणी विचारलेच नव्हते. बाईंनी विचारले तेव्हा ती एवढेच म्हणाली, ‘कंबरेपर्यंत चालतील.’

या मातीत बाईला तिच्या केसांविषयी विचारल्याची एक जुनी गोष्ट आहे. बाराव्या शतकात अक्कमहादेवी उडुतडीहून कल्याणला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला आली. वस्त्रांचा त्याग केलेला, अंगावर केसांचेच आवरण. अनुभवमंटपात अल्लमप्रभूंनी तिला अडवले. हा संवाद ‘शून्यसंपादने’ या कानडी ग्रंथात आला आहे. सर्व सोडलेस, मग केसांनी अंग का झाकतेस, असा त्यांच्या प्रश्नाचा रोख. पाहणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून, असा तिच्या उत्तराचा. मंटपाने ते उत्तर मानले आणि तिला जवळ केले. आपण या प्रसंगातले वैराग्य सांगतो. मला त्यातला प्रश्न मोलाचा वाटतो: सभेने तिच्या केसांचा निर्णय परस्पर केला नाही, तिच्याकडूनच ऐकला.

आता दुसरी बाजू. केस कमी करणे म्हणजे सुधारणा आणि राखणे म्हणजे मागासपणा, असे समीकरण कुणी मांडू नये. १६९९ साली आनंदपूरला गुरू गोविंदसिंहांच्या हाकेला उठलेल्या पंचप्याऱ्यांपैकी भाई साहिबसिंह हे परंपरेनुसार आपल्या बिदरचे न्हावी. हातातली कात्री सोडून त्या माणसाने आयुष्यभर केस राखायचे पत्करले, तेही स्वतः पुढे होऊन. शिवाय त्या पंथात केशांबरोबर कंगवाही आहे. राखायचे ते विंचरून.

उलट सीमेच्या दोन्ही बाजूंना कित्येक मुलींच्या डोक्यात गुंता झाला, की तो देवीचा कौल ठरला. त्याला फणी लावायची नाही, कात्री तर नाहीच. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या नावाने अशा जटेपायी मुली सोडल्या गेल्या. कर्नाटकाने १९८२ साली देवदासी सोडण्यावर बंदीचा कायदा केला. पण जटेचे भय कायद्याने विरघळत नाही. पुण्यात अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या नंदिनी जाधव यांनी शंभरांहून अधिक बायकांच्या जटा उतरवल्या आहेत. त्या मुळात ब्यूटी पार्लर चालवणाऱ्या. असे जट वर्षानुवर्षे वाढून जड होते, मान दुखते, कूस बदलता येत नाही. तरीही आधी त्या बाईला आणि तिच्या घराला समजवावे लागते. तिच्या होकाराशिवाय कात्री उचलली तर तीही जबरदस्तीच. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या न्हाव्यांनी विधवांचे केशवपन करणार नाही असे ठरवले, त्यामागे हीच जाणीव होती: हत्यार आपले असले तरी डोके दुसऱ्याचे आहे.

राहता राहिला एक पेच, आणि तो मला अजून छळतो. सहा वर्षांच्या पोरीला विचारायचे कसे? ती तर आईच्या तोंडाकडे पाहून उत्तर देणार. तिथे निर्णय मोठ्यांनीच घ्यायचा, पण मागे फिरता येईल असा. कापलेले केस वर्षा-दोन वर्षांत खांद्यावर येतात आणि ती मोठी झाल्यावर हवे तर गुडघ्यापर्यंत राखील. दहा वर्षांचे जट मात्र उकलत नाही. गुंता नवा आहे तोवर खोबरेल तेल भरपूर चोळावे, बोटांनी एकेक बट सोडवावी, मग टोकाकडून फणी लावावी. दोन संध्याकाळी लागतील, पोर रडेल. आजीलाही शेजारी बसवून घ्यावे, तेलाची वाटी तिच्याच हातात द्यावी.